बांध सर्वांचा, डागडुजी कोणाची?



सुट्या लागल्या की आमच्या बजाजनगरातून गोव्याला गाड्या भरून जातात. परवा शेजारचे कुटुंब परतले, त्यांनी काजू आणून दिले. मी विचारले, "तिथली भातशेती पाहिली का?" ते म्हणाले, "साहेब, गोव्यात शेतीही असते होय?" म्हणून आज शेतकऱ्याच्या नजरेने गोवा पाहू.

गोवा हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान राज्य. क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. पाऊस मात्र आपल्या चौपट. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधून वाहणाऱ्या मांडवी व झुआरी या मुख्य नद्या. भरतीचे खारे पाणी या नद्यांतून दूर आतपर्यंत शिरते आणि काठच्या सखल जमिनीत पसरू पाहते.

पण हीच जमीन तिथल्या पूर्वजांनी पिकाखाली आणली. चिखल, दगड व पेंढा वापरून त्यांनी नदीकाठी बांध घातले. बांधात लाकडी झडपांचे दार बसवले, त्याला 'मानस' म्हणतात. भरतीचे पाणी झडप ढकलून बंद करते. ओहोटी लागली की शेतातले पाणी तीच झडप उघडून बाहेर जाते. ना इंजिन, ना वीज! पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन गेले की त्या जमिनीत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात घेतात. या शेतीला 'खाजण' म्हणतात.

असा बांध एकट्याने राखता येत नाही. त्यासाठी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी संस्था होत्या. जमीन गावाची. ती खंडाने द्यायची, उत्पन्नातून बांध, देऊळ, सारा यांचा खर्च भागवायचा आणि उरलेले वाटून घ्यायचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर जिंकले, पण ही व्यवस्था त्यांनाही मोडता आली नाही. १५२६ मध्ये त्यांनी तिचे रिवाज लिहून काढले. पुढे तिलाच 'कोमुनिदाद' हे नाव पडले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल जनतेने १९६७ मध्ये दिला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. राजभाषा कोकणी असली, तरी सरकारी कामात मराठीलाही मान आहे. श्रावण-भाद्रपदात भाताची नवी कणसे हिंदूंच्या घरात पुजली जातात, तशीच ख्रिस्ती बांधवांच्या चर्चमध्येही. धर्म दोन, पण कणीस एकच.

गावकरीत दोषही होता. हक्क जुन्या घराण्यांतील पुरुषांचा, राबणारे कूळ मात्र बाहेर. मुक्तीनंतर कुळकायदे आले, कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्यायाचेच झाले. बांध राखण्याची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. पण अनेक ठिकाणी ती निभावली गेली नाही. तरुण नोकरीला गेले, मजुरी वाढली, कुठे मासळीच्या लोभाने मानस अवेळी उघडले गेले. एकदा बांध फुटला की शेतात मीठ शिरते, मग भाताच्या जागी खारफुटी उगवते.

हे वाचून माझ्या गावचा नाल्यावरचा मातीचा बांध डोळ्यांपुढे येतो. सांडव्याजवळ घुशींनी बिळे केली होती. सगळ्यांनी पाहिली, मीही पाहिली. 'सरकारी काम आहे, सरकार बघेल' असे म्हणून पुढे गेलो. पुढच्याच पावसात बांध गेला आणि खालच्या विहिरी माघातच आटल्या. कृषी खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते.

तेव्हा मृगाआधी एक सकाळ काढा. घरटी एक माणूस, टिकाव-फावडे घेऊन बांधावर जा. बिळे उकरून ओल्या मातीने ठोकून भरा. भरावावरची झुडपे लहान असतानाच काढा. सांडव्यातला गाळ व काटेरी झुडपे दूर करा. मोठी भेग दिसली तर स्वतः छेडछाड न करता लेखी कळवा आणि ग्रामसभेत विषय घ्या.

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपलीच आहे. गोव्याच्या खाजणांनी ती शतकानुशतके खरी करून दाखवली. आपण निदान एक पावसाळा दाखवू या.

आपला,
शेतीमित्र