पावसातला ऊस

उस्मानाबादचं धाराशिव झालं (केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली) तेव्हा लोक इतिहासावर आणि राजकारणावर तावातावाने बोलत होते. माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न. नावाची लांबी बदलली का?

इंग्रजी स्पेलिंग मोजून बघा. दोन्ही नावं बरोबर ९ अक्षरांची! म्हणजे इंग्रजी नाव साठवणाऱ्या प्रोग्रॅमला ढिम्म फरक पडत नाही. आता मराठीत मोजा. डोळ्याला उस्मानाबाद ५ अक्षरी दिसतं, धाराशिव ४ अक्षरी. काना-वेलांट्या वेगळ्या धरणाऱ्या युनिकोडला ती १० आणि ७ वाटतात. यूटीएफ-८ मध्ये साठवली तर ३० बाइट आणि २१ बाइट. एसएमएस ज्या यूसीएस-२ मध्ये जातो, तिथे २० आणि १४. आता सांगा, "लांबी किती?" या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं?

हा रिकामटेकडा प्रश्न नाही, मंडळी. कंपन्या आणि सरकारी खाती ठोक एसएमएस पाठवतात ते बहुधा एसएमपीपी नावाच्या प्रोटोकॉलने. त्याची ३.४ ही आवृत्ती १९९९ सालची, आणि अजून ठणठणीत आहे. बायनरी प्रोटोकॉल, म्हणजे स्वल्पविराम नाही, कंस नाही, नुसते एकापाठोपाठ एक बाइट. सुरुवातीला १६ बाइटचं हेडर, त्यात पहिले ४ बाइट म्हणजे पूर्ण पॅकेटची लांबी. पुढे एका बाइटमध्ये मजकुराची लांबी, मग मजकूर, मग हवे असतील तर जादा पॅरामीटर. त्या प्रत्येकाचा २ बाइटचा टॅग, २ बाइटची लांबी आणि मग किंमत. कुठे थांबायचं हे फक्त आकडे सांगतात.

समजा शेतकऱ्याला निरोप पाठवायचाय, एकच शब्द, "पाऊस". युनिकोडच्या हिशेबाने ४ अक्षरं, ८ बाइट. पाठवणाऱ्या कोडने लांबीच्या जागी बाइटऐवजी अक्षरं मोजून ४ लिहिले. पलीकडचा प्रोग्रॅम इमानदारीत ४ बाइट वाचतो, त्याला "पा" मिळतो. उरला "ऊस". तो त्याला जादा पॅरामीटर वाटतो! ऊ झाला टॅग क्रमांक २३१४ आणि स झाली लांबी, २३६० बाइट. पॅकेट तर कधीच संपलंय. लॉगमध्ये येतं "पॅरामीटरची लांबी चुकीची", आणि बिचारा इंजिनियर दोन दिवस पॅरामीटरचा कोड तपासत बसतो, जिथे काहीच बिघडलेलं नाही. (साखर कारखान्यांच्या भागातल्या माणसाला पावसातून ऊस निघाल्याचं नवल वाटू नये म्हणा.)

एक खूणगाठ बांधून ठेवा. देवनागरीचे नेहमीच्या वापरातले कोड २३०४ ते २४३१ मध्ये येतात. लांबीच्या जागी यातला आकडा दिसला, तर बहुधा कुणीतरी मराठी मजकूर आकडा म्हणून वाचलाय.

पॅकेटची एकूण लांबीही अक्षरांवरून काढली असेल तर आणखी मजा. मग "ऊस" पुढच्या पॅकेटच्या तोंडाशी येतो आणि त्याचे ४ बाइट मिळून लांबी होते १५ कोटी १६ लाख बाइट. समोरचा प्रोग्रॅम तेवढे बाइट येण्याची वाट बघत बसतो. एरर नाही, लॉग नाही, नुसती शांतता. आणि बाइटचा क्रम उलटा झाला तर ध चं चक्क पाकिटाचं चित्र होतं, रा मधल्या र चा कंस होतो आणि बाकी सगळी चिनी अक्षरं!

आता माझं भांडण. अशा वेळी हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे "खराब पॅकेट सोडून पुढे जा". अहो, पण पुढे म्हणजे कुठे? टीसीपी हा नुसता प्रवाह आहे, त्यात पॅकेटच्या सीमा नाहीत. लांबी एकदा हुकली की पुढचं पॅकेट कुठे सुरू होतं हा अंदाज, आणि अंदाजाने हेडर शोधणारा कोड कधीतरी मजकुरातलाच तुकडा हेडर समजणार. माझं मत सरळ आहे. कनेक्शन तोडा, नव्याने जोडा, ज्यांची पोच आली नाही ते निरोप परत पाठवा. एखादा निरोप दोनदा जाईल. जाऊ दे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराचं पाणी शिरलं, तशा वेळी इशारा दोनदा आला म्हणून कोण रागावणार आहे?

दुसरा उपाय याहून वाईट. "रोमन लिपीत मराठी लिहा ना, १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०च." हिशेब खरा आहे, एसएमएस मुळात १४० बाइटचा. पण रोमनमधलं मराठी गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, आणि निरोप त्यांच्यासाठीच तर असतो.

खरं दुखणं टेस्टमध्ये आहे. आपण सगळे "हॅलो" आणि "टेस्ट १२३" असलं काहीतरी इंग्रजीत टाइप करतो, जिथे अक्षर आणि बाइट यांचा आकडा सारखाच येतो. मग ही चूक टेस्टमध्ये सापडणार कशी? माझ्या यादीत म्हणून पाऊस असतो, धाराशिव असतं, क्ष आणि ज्ञ असतात, आणि मोजून ७१ अक्षरांचा एक मराठी निरोप. ७१ अशासाठी, की ७० पर्यंत एकच एसएमएस जातो आणि ७१व्याला दोन होतात. तेही ७० आणि १ नाही बरं का, ६७ आणि ४, कारण तुकडे जोडायला प्रत्येकातले ६ बाइट खर्च होतात.