गोल छत्री मोडीत काढू नका

पॅराशूट म्हटले की आता डोळ्यांपुढे येते ती चौकोनी, हवी तशी वळवता येणारी छत्री. तिच्यापुढे गोल छत्री जुनाट वाटते, ती मोडीत काढावी असेही वाटू शकते. मला हा विचार घातक वाटतो. जमीन जवळ असताना उडी मारायची, तर गोल छत्रीच कामाची. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरलेली दुसरी पॅरा पलटण, मूळची मराठा पलटण, गोल छत्र्यांनीच उतरली आणि पुंगली पूल घेऊन तिने ढाक्याकडे माघारी निघालेल्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. हवेत लटकलेला जवान म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य. म्हणून उंची कमी ठेवायची, आणि म्हणूनच छत्री उघडायला क्षण मोजके.

पण लवकर म्हणजे वाटेल तशी नव्हे. मे १९४१ मध्ये जर्मन सैनिक क्रीटवर सुमारे १२० मीटरवरून उतरले. त्यांच्या छत्रीचे कापड आधी बाहेर येई, दोऱ्या मागाहून ताणल्या जात; छत्री झटकन फुगे, पण हिसका जबर बसे. ब्रिटिशांनी क्रम उलटा केला. विमानातल्या तारेला अडकवलेला पट्टा छत्रीची पिशवी धरून ठेवतो, जवान खाली जाता जाता आधी दोऱ्या सरळ होतात, मग काठापासून शेंड्यापर्यंत कापड सुटते, शेवटी शेंड्याचा कच्चा धागा तटकन तुटतो. फुगताना काठ दोऱ्यांमधून पलीकडे गेला तर छत्री उलटते. तसे होऊ नये म्हणून पुढे घेराला हातभर रुंद जाळी शिवू लागले. विणीचाही वाटा मोठा. वीण दाट असेल तर छत्री लवकर फुगते पण हेलकावे घेते, विरळ असेल तर स्थिर राहते पण उघडायला रेंगाळते. तारापूरच्या कापड कारखान्यांत मागावर काम करणाऱ्याला हा फरक चटकन कळेल.

चौकोनी छत्री वळवता येते, हा आक्षेप खरा आहे. मात्र तिचा हिसका सोसवावा म्हणून तिचे उघडणे मुद्दाम लांबवलेले असते, आणि शेकडो जण शेजारी शेजारी उतरताना जो तो वळू लागला तर छत्र्या एकमेकींत गुंततील. आता पलटणीच्या पलटणी आकाशातून कुठे उतरतात, असेही कोणी विचारेल. पण गोल छत्री केवळ पलटणींची नव्हे. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई विमान कोसळले, तेव्हा दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन सुखरूप उतरले. त्या आसनातली छत्रीही गोलच असते. आणि जवान चारशे फुटांवरून उडी मारतो तेव्हा राखीव छत्रीला जेमतेम वेळ मिळतो, सारी भिस्त पहिलीवर आणि तिची घडी घालणाऱ्या हातांवर. आग्र्याच्या संशोधन संस्थेत आणि कानपूरच्या कारखान्यात या छत्रीचे काम पुढची कित्येक वर्षे पूर्ण जोमाने चालले पाहिजे.