निर्लेखनाआधी एकदा बूट मेन्यू उघडा

अंबड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका आहे. आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात चार संगणक आहेत. कोअर आय-थ्री, चार जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमची यंत्रं त्यात बसतच नाहीत. निर्लेखनाचा प्रस्ताव करा, असं सगळेच म्हणाले. मी म्हटलं, आधी लिनक्स मिंट टाकून बघते.

पहिल्याच संगणकावर सगळं सुरळीत पार पडलं. पेनड्राइव्ह काढला, संगणक पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली: नो बूटेबल डिव्हाइस. दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, हार्ड डिस्क गेली. आता भंगारातच द्या."

डिस्क गेली असती तर इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत पोचलंच कसं असतं? हा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एफ-१२ दाबून बूट मेन्यू उघडला आणि निवांत वाचला. माझा एकच पेनड्राइव्ह तिथे दोनदा दिसत होता. एका ओळीत नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेलं, दुसरीत नुसतं नाव. मी पहिली ओळ निवडली होती. त्यामुळे लिनक्स नव्या पद्धतीनं बसलं. संगणक मात्र सुरू होताना जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीनं शोधत होता. घर बांधलं, पण दार मागच्या बाजूला ठेवलं, तसा प्रकार. दुसरी ओळ निवडून पुन्हा इन्स्टॉल केलं. संगणक सुरू झाला. ही 'गेलेली' डिस्क आजही चालते आहे.

दुसऱ्या संगणकाचं दुखणं वेगळं. त्यावर लिनक्सच्या जोडीला जुनं विंडोजही ठेवलं होतं. कुणीतरी विंडोज नव्यानं टाकलं आणि लिनक्स दिसेनासं झालं. मुलांनी टाइप केलेले निबंध गेले म्हणून वर्गात रडारड. प्रत्यक्षात एकही फाइल गेली नव्हती. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सर्वांत पहिला कप्पा ५१२ बाइटचा असतो. त्यातले ६४ बाइट डिस्कचे भाग कुठे आहेत याच्या नोंदीला, २ खुणेला, आणि संगणक कुणाच्या हवाली करायचा हे सांगणाऱ्या सूचनांना उरतात ४४६. देवनागरीत अक्षराला, मात्रेला, वेलांटीला प्रत्येकी तीन बाइट लागतात. म्हणजे आमच्या चौथीच्या मुलीच्या वहीतला एक परिच्छेदसुद्धा तिथे मावणार नाही. विंडोजनं नेमकी तेवढीच जागा स्वतःच्या सूचनांनी भरली होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कवरचा लिनक्सचा भाग माउंट केला आणि लिनक्सच्या सुरुवातीच्या सूचना, म्हणजे ग्रब, त्या जागेत पुन्हा लिहिणारी ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा दिली. इथे अनेकांची चूक होते ती अशी, की नाव अख्ख्या डिस्कचं द्यायचं असतं, एसडीए, एसडीए-१ नव्हे. दहा मिनिटांत निबंध परत आले.

तिसरा संगणक जूनमध्ये अडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना वीज नाही, मदरबोर्डवरचा बटन सेल संपला, तारीख मागे गेली आणि बूटची सेटिंग मूळ पदावर आली. सीआर २०३२ चा नवा सेल बसवला, सेटिंग पुन्हा लावली. काम झालं.

मला राग येतो तो इथे. काळा पडदा दिसला की दोनच निकाल लागतात: 'यंत्र मेलं' किंवा 'लिनक्स आपल्या कामाचं नाही'. तिसरी शक्यता कुणी तपासत नाही, कारण ती कुणी शिकवलेलीच नाही. आम्हाला प्रशिक्षणं पुष्कळ होतात. अ‍ॅप कसं उघडायचं, माहिती कशी भरायची, हे सगळं सांगतात. संगणक सुरूच झाला नाही तर पहिलं काय बघायचं, हे मला आजवर एकाही प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नाही. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सवर संगणक शिकवतात. तिथे शाळेतल्या शिक्षकांनाच त्यासाठी तयार केलं गेलं, म्हणून ते टिकलं. आपल्याकडे सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली मराठीतही वापरता येते, पण ती संगणकावर चढवणारा हात शाळेत नको का?

माझी मागणी छोटी आहे. शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत एक तास यासाठी द्या. प्रत्येक केंद्रात दोन शिक्षक असे तयार करा, ज्यांना बूट मेन्यू, सेल आणि ग्रब एवढं समजतं. आणि त्यांनी यंत्र पाहिल्याशिवाय निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होऊ नये.

मिंटचा पेनड्राइव्ह आणि दोन बटन सेल आता कायम माझ्या पर्समध्ये असतात. आमच्या केंद्रातल्या कोणत्याही शाळेनं हाक द्यावी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी येते.