मोटारीची झिलई

घरीं मोटार रंगविणारे बहुधा समजतात कीं चकाकी रंगाच्या डब्यांत असते. ती असते पृष्ठाच्या सपाटींत. खडबडीत पृष्ठावर प्रकाश विखुरतो. म्हणून लांबी व प्रायमर घांसून एकसारखे करावे, रंगाचे हात पातळ द्यावे. पावसाळ्यांत लॅकर मारूं नये: थिनर उडतांना पृष्ठ थंडावतें, त्यावर दंव धरतें व रंग पांढुरका पडतो. वरचा क्लिअर कोट पूर्ण वाळल्यावर १५०० व २००० नंबरच्या वॉटर पेपरनें पाणी लावून घांसावा, मग कंपाउंडनें चोळावा. कडांवर हात हलका, तेथें थर लवकर झिजतो.

हार्डनर मिसळावयाचे रंग मात्र गृहस्थानें घरीं फवारूंच नयेत. अशा बहुतेक रंगांतील आयसोसायनेटनें दमा जडूं शकतो, आणि तोंडावरचा रुमाल (पुष्कळांची त्यावर अढळ श्रद्धा!) तें अडवीत नाहीं. तें काम बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा वापरणाऱ्या कारागिराकडेच द्यावें.