टोपी बाजारातील रामशास्त्री

गणेशोत्सवाच्या आधीचे दहा-बारा दिवस आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावले जात होते. मंडळाच्या बालनाट्यात आमच्या अकरा वर्षांच्या नातवास रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका मिळाली होती. ही निवड त्याच्या वाणीमुळे झाली असा आमचा गैरसमज नाही. मुलांमध्ये तोच सर्वांत उंच, एवढेच कारण. पाठांतर चोख होते, परंतु 'प्रायश्चित्त' या शब्दातील जोड त्याच्या जिभेवर टिकत नसे, आणि तिसऱ्या दिवशी त्याने आम्हांस विचारले, "आजोबा, शास्त्रीबुवा राघोबाला शिक्षा देतात, म्हणजे त्याला शिकवतात ना?"

आम्ही क्षणभर गप्पच झालो. शाळेच्या हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. त्याचे चुकले कोठे? चार पिढ्या लष्करात राहून आम्ही देवघर जपले, पुरणपोळी जपली, हळदीकुंकू जपले. आणि एका साध्या शब्दाचा अर्थ मात्र हातातून केव्हा निसटला ते कळले नाही.

असो. भूमिका म्हटली की पगडी आली, आणि पगडी म्हटली की आमच्या लष्करात पाय आपोआप महाराज बाड्याकडे व तेथून टोपी बाजाराकडे वळतात. बाजाराचे नाव टोपीचे असले, तरी हल्ली तेथे टोपी शोधावीच लागते. एका वृद्ध दुकानदाराने आम्हांस आधी नवरदेवाचा जरीचा साफा दाखविला. तो नको म्हणताच त्याने मोठ्या कौतुकाने टोकदार शिंदेशाही पगडी पुढे केली. "बाबूजी, मराठों की पगड़ी तो यही है।" ग्वाल्हेरीत हे उत्तर चुकीचे तरी कसे म्हणावे? परंतु पुण्याचा न्यायाधीश शिंद्यांच्या सरदाराच्या थाटात न्यायासनावर बसविणे आमच्याने होईना. "रामशास्त्र्यांची पगडी वेगळी, चक्रीदार," असे आम्ही हाताने आकार काढून सांगू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की आमच्या डोळ्यांपुढे इतिहासातील रामशास्त्री नाहीतच. तेथे उभे आहेत ते गजानन जागीरदार.

'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ साली आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना दुसरे रामशास्त्री पटणे कठीण. जागीरदारांनी त्यात प्रमुख भूमिका तर केलीच, शिवाय दिग्दर्शक म्हणूनही त्यांचेच नाव लागले. व्ही. शांतारामांनी 'प्रभात' सोडल्यानंतरचे ते दिवस. कंपनीची घडी विसकटू लागली असताना हा बोलपट उभा राहिला, हे विशेष.

या गृहस्थांचे आयुष्य पाहिले म्हणजे नवल वाटते. जन्म २ एप्रिल १९०७, अमरावतीचा. अमरावती तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडे. म्हणजे जन्माने तेही पुण्याच्या पेठांबाहेरचेच. (आम्हां बाहेरच्यांना असे तपशील जरा अधिक प्रिय असतात, वाचकांनी समजून घ्यावे.) लहानपणीच नाटकाचा नाद लागला, आणि 'प्रभात'मध्ये शिरकाव झाला तो मूकपटांच्या इंग्रजी पाट्या लिहिण्यासाठी. नव्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की मूकपटात पात्रे ओठ हलवीत, मग पडद्यावर पाटी येई आणि तीवर संवाद छापलेला असे. ज्यास वाचता येई तो शेजाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवी. पुढे ज्यांचा आवाज ओळखीचा झाला, त्या नटाची सुरुवात इतरांच्या मुक्या तोंडी शब्द घालण्यात झाली. चार शब्दांत सारा प्रसंग पेलण्याची तालीम तेथे मिळाली असावी, असे आम्हांस वाटते. भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली, आणि बोलपट आल्यावर १९३४ साली 'सिंहासन' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला.

पुढच्या पर्वात आमच्या ग्वाल्हेरचा संबंध येतो. आचार्य अत्र्यांच्या चित्रसंस्थेसाठी जागीरदारांनी १९४१ साली 'पायाची दासी' व १९४२ साली 'वसंतसेना' हे बोलपट दिग्दर्शित केले. या दोहोंतील वनमाला म्हणजे ग्वाल्हेर संस्थानातील एका बड्या अधिकाऱ्याच्या कन्या, वनमाला पवार. घरंदाज मुलीने सिनेमात जावे, हे त्या काळी येथे किती जणांच्या घशाखाली उतरले असेल? नंतर त्याच 'श्यामची आई' झाल्या, आणि त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेव्हा येथल्या माजघरांतून अभिमानाने डोळे पुसले गेले. आयुष्याची अखेर त्यांनी याच गावी काढली. २००७ साली त्या येथेच वारल्या.

जागीरदारांच्या भाषेविषयी थोडे अधिक लिहावयास हवे. १९४१ साली शांतारामांनी 'शेजारी' काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, हिंदू ठाकूर झाले मजहर खान, आणि मुसलमान मिर्झा झाले आमचे जागीरदार. दोन शेजाऱ्यांच्या दुराव्याची ती कथा त्या दिवसांत या अदलाबदलीनेच निम्मी सांगून टाकली. पुढे 'गाईड'मध्ये ते दिसले, आणि १९८१ च्या 'उमराव जान'मध्ये वृद्ध मौलवी झाले. वऱ्हाडात जन्मलेला मराठी माणूस लखनौच्या कोठीवर उर्दू बोलतो आणि ऐकणाऱ्यास ते उपरे वाटत नाही. दोन भाषांत राहणाऱ्या आमच्या मुलांसमोर ठेवावे असे हे उदाहरण आहे. एक भाषा आली म्हणून दुसरीने घर सोडावे, असा नियम त्यांनी मानला नाही.

'प्रभात' बंद पडल्यावर १९६० च्या सुमारास तिच्या पुण्यातील वास्तूत सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था काढली, तिचे पहिले प्राचार्य जागीरदारच. ज्या आवारात स्वतः न्यायासनावर बसले, तेथेच नव्या पोरांना उभे कसे राहावे ते शिकविण्याचा योग किती जणांस येतो!

आणि मग दूरदर्शन आले. १९८७ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, या माणसाने रणजित देसाईंच्या 'स्वामी'वरून मालिका दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव, आणि तेव्हा अगदीच कोवळ्या वयाच्या मृणाल देव रमाबाई. रामशास्त्र्यांवर ज्यांनी विश्वास टाकला त्या पेशव्याची ही कथा. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी जागीरदार पुन्हा त्याच शनिवारवाड्यात शिरले, फक्त या वेळी थोड्या आधीच्या सालात. पुढल्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९८८ रोजी, त्यांचे निधन झाले.

ती मालिका आम्ही तेव्हा पाहिली नाही. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम महाराष्ट्रात दिसत. आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला दिल्लीखेरीज काही सापडत नसे. पुण्याहून आमच्या मावसबहिणीची पत्रे येत, त्यांत 'स्वामी'चा मजकूर असे, आणि सौ. ती पत्रे आल्यागेल्यास वाचून दाखवी. थेऊरच्या प्रसंगाचे पत्र वाचताना तिला मध्येच थांबावे लागले होते. मूकपटाच्या काळी पाटी वाचून दाखवीत, तसाच हा प्रकार. चित्र मात्र आमच्यासमोर नव्हते.

टोपी बाजारातून आम्ही रिकाम्या हाती परतलो. पगडी अखेर सौ.च्या माहेरच्या पेटीत निघाली, थोडी उसवलेली. त्या रात्री सूनबाईंनी मोबाईलवर 'रामशास्त्री' शोधून दिला, आणि नातू आमच्या मांडीशी बसून तो पाहू लागला. न्यायनिवाड्याचा प्रसंग आला. पेशव्याच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याचाच चाकर खुनी म्हणतो, हे त्यास उमगताच तो सरसावून बसला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "आजोबा, ही सजावाली शिक्षा आहे."

प्रयोगाच्या दिवशी पगडी मोठी होत होती, म्हणून आत वर्तमानपत्राची घडी घातली. 'प्रायश्चित्त' मात्र तो पूर्ण, दोन्ही तकारांसह म्हणाला. राघोबादादा झालेला मुलगा त्याच वेळी पहिल्या रांगेतील आपल्या आईकडे पाहून हसत होता.