राउटर आणि घराचा परदा

सूरह नूरच्या २७व्या आयतीत परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, अशी ताकीद आहे. आज घरातला वाय-फाय राउटर आपला क्रमांक भिंतीबाहेरही सांगत असतो. येणारे-जाणारे मोबाईल तो टिपतात आणि गुगल, ॲपल त्याची जागा नोंदवून ठेवतात. त्यावरूनच फोनला आपले ठिकाण कळते. सोय खरी, पण जाचाला कंटाळून साताऱ्याहून सांगलीला गेलेल्या भगिनीने जुना राउटर सोबत नेला, तर तिचा नवा पत्ता उघड होऊ शकतो. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली असा धोका दाखवून दिला. म्हणून आम्ही पालकांना सांगतो : वाय-फायच्या नावाशेवटी अंडरस्कोर आणि लहान इंग्रजी अक्षरांत एन-ओ-एम-ए-पी जोडा. हे नाव दिसले की दोन्ही कंपन्या तो राउटर नोंदीतून वगळतात. जिवाला धोका असेल, तर मात्र राउटर नवाच घ्यावा.