कूपमंडूक कोण?

संकुचित दृष्टीच्या मनुष्यास आपण 'कूपमंडूक' म्हणून हिणवतो. परंतु बेडकाविषयी काही न जाणता त्याची उपमा देणे न्याय्य आहे काय? "बेडूक म्हणजे बेडूक, इथला काय नि तिथला काय!" असे उत्तर वर्गात वारंवार ऐकू येते. या समजुतीविरुद्ध चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सह्याद्रीतील एक उदाहरण घ्या. भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरातील एका लहानशा भेकाचे वर्णन 1963 साली सोमण यांनी केले. तेथून दक्षिणेस सुमारे 160 किलोमीटरवर, आंबोलीच्या कातळावरही तसलाच भेक राहतो. दोघांचे कूळ एकच. मात्र कोयनेच्या भेकाच्या कुशीवर गोलसर पिवळे ठिपके, तर आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. 2009 साली शास्त्रज्ञांनी रूपासह डीएनएही तपासला आणि आंबोलीचा भेक स्वतंत्र जातीचा ठरविला.

असे भेद का पडतात? बेडकाची त्वचा नाजूक व अंडी पाण्यात. कोरडी पठारे त्यास सहसा ओलांडवत नाहीत. त्यामुळे दोन ठिकाणच्या बेडकांचा संबंध तुटतो, आणि पिढ्यानुपिढ्या डीएनएत होणारे लहानसे फेर ज्याच्या त्याच्या वंशात साचत जातात. काही फेर रंगात, आकारात वा आवाजात प्रकट होतात; काही डोळ्यांस कधीच दिसत नाहीत. आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपणारा भेक आशियाभर एकाच नावाने ओळखला जातो. तरी डीएनएच्या तपासणीत त्याच्या निरनिराळ्या वंशशाखा आढळल्या आहेत.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, एका गावचे बेडूक नष्ट झाले तर दुसरीकडून आणून ती उणीव भरता येईल, हा भ्रम होय. गेलेला वंश परत येत नाही. आणि परका आणलेला प्राणी कधी उपद्रवही करतो. हाच आशियाई भेक मादागास्कर बेटावर पोहोचल्याची वार्ता 2014 साली प्रसिद्ध झाली, आणि तेथील वन्यजीवांविषयी चिंता उत्पन्न झाली.

आपला बालाघाटचा प्रदेश अवर्षणाचा. येथील बेडकांस पावसाळ्यातील थोडक्या दिवसांतच संसार उरकावा लागतो. डबक्यांत डास होतात, ही पालकांची तक्रार रास्त आहे. घराजवळचे साचलेले पाणी अवश्य काढावे. परंतु जयंती नदीच्या काठची व शेताकडेची पावसाळी डबकी सरसकट बुजवू नयेत, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांनो, पहिल्या पावसानंतर वही घेऊन बाहेर पडा. स्थळ, तिथी, रंग व आवाज टिपून ठेवा. बेडूक मात्र पकडू नका, दुसरीकडे नेऊन सोडू नका. विहिरीतल्या बेडकास निदान आपली विहीर तरी ठाऊक असते. आपल्या ओढ्यात कोण राहते हे ज्यांस ठाऊक नाही, अशा आपण त्यास कोणत्या तोंडाने कूपमंडूक म्हणावे?